एकोणीस पायऱ्या

वैजू आला तेव्हा गंगव्वा तिसऱ्यांदा फरशी पुसत होती.
तीन पायांवर त्यानं तो काळा गोळा उभा केला, म्हणाला,
सगळ्यांनी बाहेर व्हा, ह्याला चारी अंगांनी दिसतंय.
मग आम्ही दाराआड लपलो,
हंजी सावकारसुद्धा, पोट आत ओढून.
आपल्याच लॉजमध्ये चोरासारखे,
गिऱ्हाइकाला जागा मोकळी दिसावी म्हणून.

तरी दोनशे चारच्या आरशात
गंगव्वाच्या हिरव्या लुगड्याचा काठ सापडलाच.
वैजूनं तो घरी नेऊन पुसला.
शहापूरचा पोरगा. बाप मागावर सूत सांधतो, हा भिंतीला भिंत.
टेबलावर फोटोपुरता कुंदा ठेवला होता, जाताना तोही पुसला.

पुढचा आठवडा एका शब्दात गेला.
सुस्वागत.
कानडीत तेच, मराठीत तेच,
भांडण फक्त अक्षरांचं, वर कुठली अन् खाली कुठली.
शेवटी सावकारांनी नुसता बाण ठेवला.
बाणावरून बेळगावात अजून मोर्चा निघालेला नाही.

बाण दाबला की लॉबीतून थेट वर,
पडदा, किटली, खिडकीत येळ्ळूरचा गड.
फोन वाढले. आम्ही खूश.

नोव्हेंबरात, थंडी दाताला लागत होती तेव्हा,
सावंतवाडीच्या गाडीनं एक बाई उतरल्या.
रजिस्टरात लिहिलं : हेमांगी कुडतरकर, वय एकेचाळीस.
दोन्ही कुबड्या काउंटरला टेकवल्या अन् म्हणाल्या,
दोनशे चार.
बाथरूमला उंबरा नाही, कॉट गुडघ्याएवढी,
प्लग उशाशी. रात्रभर फिरून मोजून आल्येय मी.

मग मान वळवून त्यांनी जिना पाहिला.

लिफ्टचा माणूस हुबळीहून यायचा होता.
आठ दिवस यायचाच होता.
खाली खोली नाही, खाली खानावळ.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

हा नव्हता दाखवला, एवढंच त्या बोलल्या,
आणि चढायला लागल्या.
बॅग घेऊन गंगव्वा एक पायरी मागं,
हात पुढं धरलेला, पण न लावता.
बाई मोजत होत्या, एक. गंगव्वा मागून, ओंदु.
दोन. एरडु.
सातवीची कड फुटलेली आहे, मला ठाऊक होती,
पाच वर्षं ठाऊक होती.
तिथं कुबडी सरकली. तिथं बसल्या त्या, खूप वेळ.
खालून इडलीची वाफ येत होती.
मग पुन्हा एळु-आठ, एंटु-नऊ, दोघींचा हिशेब चुकत,
वर पोचेस्तोवर जुळला : एकोणीस.
हत्तोंबत्तु.

सकाळी पैसे पूर्ण दिले. आवाज चढवला नाही.
जिना दाखवा, म्हणाल्या.
यायचं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतं.

सावकार म्हणाले, जिना बघायला कोण येतंय ओ!
मी पगारातून वैजूला बोलावलं.
हसला तो. पण एक अडचण त्यानं नीट सांगितली,
गोळा ज्या पायरीवर उभा, तेवढीच त्याला दिसत नाही,
तिथं लॉजचं नाव चिकटवावं लागतं.
म्हणून सातवी आम्ही आठवीवरून काढली,
फुटक्या कडेसकट.

आता फोनवर लोक विचारतात, पायऱ्या किती?
काही जण ऐकून फोन ठेवतात. ठेवू देत.
लिफ्ट चालू आहे, म्हणजे आज आहे.

काल रात्री दीड वाजता काउंटरच्या पडद्यावर आलं :
एक जण पाहत आहे.
लॉबी. पहिली. दुसरी.
प्रत्येकीवर थांबत कुणीतरी वर निघालं होतं.
मी मान वर करून रिकाम्या जिन्याकडं पाहिलं,
उगाचच दिवा लावला.
सातवीवर ते माणूस थांबलं.
थांबलं.
अठरावीच्या फोटोत कोपऱ्यात एक हिरवा काठ आहे,
तो पुसू नको म्हटलं होतं वैजूला.
तिथवर ते पोचलं का, बघत बसलो.